मुठीत मावलेला आत्याचा आवाज

आमच्या सुमनआत्याचा आवाज मी एकदा आवळून इतका लहान केला, की तो माझ्या मुठीत मावला. फक्त तो आत्याचा राहिला नाही.

मुळात तो केवढा होता, हे आधी सांगायला हवं. आत्या राहते लासूर स्टेशनला. तिथं तिच्या यजमानांचं धान्याचं दुकान आहे. आत्यानं गच्चीवरून "दूऽऽध आलं!" अशी हाळी दिली, की फलाटावरची माणसं गाडी आली समजून पिशव्या उचलायची, असं खुद्द यजमान सांगतात. (आत्या घरात नसताना सांगतात.) याच आवाजात ती मंगलाष्टकं म्हणायची. आमच्या घराण्यातलं एकही लग्न तिच्याशिवाय लागलेलं नाही. आणि छापील पुस्तकातली नाहीत बरं का! दर लग्नाला ती नवी रचायची, त्यात दोन्हीकडच्या थोरामोठ्यांची नावं गुंफायची, आणि शेवटचं "सावधान" असं ताणायची की गुरुजी मुहूर्त टळतो की काय म्हणून घड्याळ बघायचे. माझ्या लग्नात ते "सावधान" ऐकून मी खरोखर सावध झालो होतो. पण तोवर हार गळ्यात पडला होता. (हे वाक्य वंदनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, वाचलेलं आहे. आज जेवायला काय मिळतं ते बघू.)

तर अशा या आत्याच्या एकुलत्या एका मुलीचं, शिल्पाचं, लग्न ठरलं. मुलगा गंगापूरचा. आणि इथंच घोळ होता. आमच्यात रीत अशी, की पोटच्या पोरीवर अक्षता पडताना आईनं बघायचं नाही. मुलगी अंतरपाटामागं उभी राहिली, की आईनं मागच्या अंगणात तुळशीपाशी जायचं आणि लग्न लागेपर्यंत तुळशीला पाणी घालत बसायचं. म्हणजे साऱ्या दुनियेच्या पोरींना गाऊन सासरी धाडणारी आत्या स्वतःच्या पोरीच्या वेळी तांब्या धरून मागच्या दारी!

तेवढ्यात तिच्या घशात गाठ निघाली. गाठ साधी होती, पण नेमकी स्वरयंत्रावर. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. नंतर बरेच महिने ओरडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. गाण्याचं काही सांगता येत नाही."

आत्या रडली नाही. तिनं घरी येऊन खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, यजमानांना दुकानात पिटाळलं, आणि टेपरेकॉर्डरपुढं बसून शिल्पासाठी रचलेली आठच्या आठ मंगलाष्टकं एका कॅसेटमध्ये गायली. मग पदर खोचून ऑपरेशनला गेली.

तिचा हिशेब सरळ होता. आई मागच्या दारी असली तरी आईचा आवाज मांडवात असेल.

ऑपरेशननंतर आत्या नुसती कुजबुजायची. आम्हांला वाटलं, चला, जरा शांतता. कसली शांतता! तिचं ओरडणं लांबून ऐकून पळ काढता यायचा. कुजबूज ऐकायला मात्र जवळ जावं लागायचं, आणि जवळ गेलं की कान हातात सापडायचा. लांबच्या माणसासाठी तिनं टाळ्या ठरवल्या होत्या. एक टाळी म्हणजे 'इकडं ये'. लागोपाठ टाळ्या म्हणजे 'बंद कर मेल्या, जे काय करतोयस ते'.

एक दिवस तिनं मला बोलावून ती कॅसेट हातात दिली.

"बाळ्या," ती कुजबुजली, "ही एकच हाय. शिल्पाला ठावं नाय. तिला तिथंच कळू दे. नीट वाजली पायजे."

हे माझ्याकडंच का आलं? कारण माझ्या घरी कॉम्प्युटर होता. ज्याच्या घरी कॉम्प्युटर, तो नात्यातला इंजिनिअर, असा तो काळ होता. (मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. कॉम्प्युटरवर वंदनेनं शिवलेली झालरीची खोळ होती, आणि ती बहुतेक वेळ त्याच्यावरच असायची.) त्यात मीच तोंड उघडलं होतं.

"कॅसेट कशाला आत्या? ऐनवेळी अडकते, फीत बाहेर येते. त्यात लोडशेडिंग. मी तिचं एमपीथ्री करतो. एवढासा प्लेअर असतो, सेलवर चालतो!"

घरी आल्यावर वंदनेनं विचारलं, "आणि कर्णा कशावर चालणार? तोपण सेलवर?"

"त्याला जनरेटर आहे ना कार्यालयात."

"मग टेपपण जनरेटरवर चालेल की."

मी तिला म्हटलं, तुला टेक्नॉलॉजीतलं कळत नाही.

उस्मानपुऱ्यात सलीमभाईचं दुकान होतं. रेडिओ, टेप, घड्याळाचे सेल, आणि आता नव्यानं आलेले हे प्लेअर. त्यानं एक चंदेरी डबी माझ्या तळहातावर ठेवली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी.

"एकशे अठ्ठावीस एमबी, भाई! पूरा समंदर है!"

"आठ मंगलाष्टकं मावतील?"

"आठ? अरे, पूरा खानदान भर दो ना! जित्ता भरना है उत्ता भरो!"

हे वाक्य सलीमभाईनं मला त्या वर्षी बोलायला नको होतं.

ते वर्ष दुष्काळाचं. शहर चहूकडं वाढत सुटलेलं, बायपासच्या पलीकडं माळावर वसाहती उभ्या राहिलेल्या, आणि पाणी नेमकं तेव्हाच बेपत्ता. आमच्या वसाहतीचं नाव 'गंगासागर नगर'. त्यात गंगाही नव्हती आणि सागरही नव्हता, एक पाइप होता. पाइपातून बहुधा हवा यायची. आधी सूंऽऽ, मग गुडगुड, मग खरखर, आणि नशीब जोरावर असलं तर मागून पाणी. त्या गुडगुडीला सगळी गल्ली कान लावून असायची. एरवी टँकर. पाणी आलं की घरातलं झाडून सगळं भरायचं! ड्रम, बादल्या, कळशा, कुकर, कढई, दुधाची किटली. एकदा मी लग्नात आहेर आलेली फुलदाणीही भरून ठेवली होती. रिकामं भांडं दिसलं आणि भरलं नाही, तर रात्री झोप लागायची नाही, अशी हाताला सवयच जडली होती.

आणि अशा माणसाच्या हातात कोणी एकशे अठ्ठावीस एमबीचं रिकामं भांडं दिलं!

कॅसेट टेपला लावून, टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून मी आत्याचा आवाज आत घेतला. तो उत्तम आला. पण फाइल झाली भलीमोठी. मग एमपीथ्री करायच्या खिडकीत एक पट्टी दिसली. एका टोकाला चांगला आवाज आणि मोठी फाइल, दुसऱ्या टोकाला लहान फाइल. पट्टी मधोमध ठेवली असती, तरी आठ मंगलाष्टकं आरामात मावून जागा उरत होती.

जागा उरत होती! एवढी जागा रिकामी? लग्न आहे, सनई नको का? सनई घातली. मग आरत्या. भजनं. पंगतीसाठी जुनी भावगीतं. गाड्यांसाठी बँड. इंग्रजी बोलायला शिका, भाग एक ते सहा. (मोकळ्या वेळेत ऐकू म्हटलं.) आता जागा पुरेना, तर पट्टी जरा खाली ओढली. आणखी मावली. अजून खाली ओढली. अजून मावली! शेवटी पट्टी अगदी तळाला टेकली, आणि सगळं काठोकाठ भरलं. स्टोअरमध्ये रॅक असा भरला की साहेब पाठ थोपटायचे. मीही स्वतःची थोपटली, आणि कॉम्प्युटरवर जागा हवी म्हणून ती मूळ भलीमोठी फाइल पुसून टाकली.

मग एका कानात इअरफोनचं एक बोंडूक घालून वाजवून बघितलं. दुसऱ्या कानात टँकरचा हॉर्न घुसत होता. गल्लीत आरडाओरडा, बादल्यांचा खणखणाट. त्या गदारोळात "आली मंगल वेळ आज जुळुनी" एवढं कानावर आलं. म्हटलं, झकास! कॅसेट सदऱ्याच्या खिशात टाकली आणि धावलो.

टँकरची नळी ड्रममध्ये सोडायला मी वाकलो. आणि खिसाही वाकला.

डुबुक्.

"वंदनाऽऽ! ड्रम पालथा कर! ड्रम पालथा कर!"

वंदना दोन्ही हात पसरून ड्रमसमोर उभी राहिली. "वेड लागलं का? भरलेला ड्रम पालथा? या महिन्यात?"

"आत्याची कॅसेट पडलीय आत!"

"पडू दे! पाण्याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे!"

शेवटी मी पुऱ्या तळायच्या झाऱ्यानं ड्रमाचा तळ ढवळला. बराच वेळ ढवळल्यावर कॅसेट वर आली. पाणी निथळत होतं. (ते वंदनेनं खाली वाटी धरून झाडांसाठी जमा केलं.) तरी मी शांत होतो. आत्याचा आवाज सुखरूप प्लेअरमध्ये होता ना! कॅसेट वाळेल म्हणून गच्चीवर उन्हात ठेवली आणि कामावर गेलो. वैशाखाचं ऊन ते. परत येऊन पाहतो, तर कॅसेट भाजलेल्या पापडासारखी वाकडी झालेली, आणि आतली फीत वेटोळ्याला चिकटून बसलेली.

"असू दे," मी म्हणालो, "आता तिचं काम संपलंच होतं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी प्लेअर कॉम्प्युटरच्या स्पीकरांना जोडला आणि मंगलाष्टकं मोठ्यानं लावली. स्वयंपाकघरातून वंदना बादली घेऊन सुसाट धावत आली.

"आलं! आलं! अहो, बसलात काय? नळ सोडा!"

"नळ नाही गं. आत्या आहे."

आम्ही दोघंही थिजून ऐकत राहिलो. सूंऽऽ, मग गुडगुड, मग खरखर. मधूनच एखादं अक्षर बुडणाऱ्या माणसाच्या हातासारखं वर यायचं आणि पुन्हा गडप व्हायचं. "आली मं... गुळगुळ... आज जु... गुळगुळ... सासरीऽस्स्स." साऱ्या मराठवाड्यात त्या वर्षी पाणी नव्हतं, आणि माझ्या प्लेअरमध्ये आत्या गटांगळ्या खात होती!

मी पाच-सहा वेळा प्लेअर बंद-चालू केला. सेल बदलला. प्लेअर उलटा धरून झटकला. (खरंच झटकला.)

"मूळ फाइल आहे ना कॉम्प्युटरवर?" वंदनेनं विचारलं.

मी कॉम्प्युटरवर झालरीची खोळ चढवली.

"अगं बाई!" ती मटकन बसली.

सायकल दामटत सलीमभाईचं दुकान गाठलं. त्यानं कानाला लावून ऐकलं, डोळे मिटले, मान हलवली.

"भाई, तुम उसको भोत दबा दिये. कैसा है, कान को जो चीज जास्ती समझ में नै आती, ये मशीन उसको निकाल के फेंक देती."

"अहो, पण माझी आत्या कुठं गेली?"

"फेंक दिये ना."

"परत आणा!"

"टेन्शन कायकू लेरे? अब्बी बडा करके देता." त्यानं काहीतरी खटखट केलं. फाइल दसपट मोठी झाली. मी आनंदानं उडालो. वाजवून पाहिलं, तर तीच गुडगुड, फक्त आता जागा जास्त खात होती. शेंगदाण्याची चटणी वाटून झाल्यावर तिचे परत दाणे कोण करून देणार?

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. कामावर जाता-येता कानात बोंडकं. कुठं एखादा शब्द नीट येतो का, कुठं आत्या सापडते का, हेच बघत होतो. वर येणारी अक्षरं जुळवत, ऐकून ऐकून आठही मंगलाष्टकं मला तोंडपाठ झाली. कंपनीत खिळ्यांचं खोकं मागितलं की मी स्क्रूचं द्यायचो. भूक नाही, झोप नाही. कुठं कोणी टाळी वाजवली, तरी दचकून उभा राहायचो. बरं, दुसरा इलाज तरी काय होता? आत्या आता गाऊ शकत नव्हती. पुन्हा कधी गाईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. तो आवाज जगात एकाच फितीवर होता, आणि ती फीत मी आधी बुडवली आणि मग भाजली.

"जाऊन सांगून टाका," वंदना म्हणाली. "आज ओरडतील, उद्या विसरतील."

"ओरडता येत नाही, तीच तर भीती आहे!"

तरी गेलो. लासूरच्या बसमध्ये सगळं वाक्य पाठ केलं. 'आत्या, माझ्या हातून एक चूक झाली.' आत्या अंगणात रुखवताचे डबे मोजत होती. मला पाहून तिनं एक टाळी वाजवली. मी जवळ गेलो. तिनं माझा हात धरून आत नेलं, दार लोटलं.

"झालं का रे?"

"आत्या, माझ्या हातून एक..."

"लई भीती वाटायली होती मला," ती मध्येच कुजबुजली. "म्हटलं, लेकरू मांडवात एकटंच उभं राहील आन् मी मागं. आता नाय वाटत. तू हायस ना." आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

मी दोन लाडू खाऊन परत आलो.

"सांगितलंत?" वंदनेनं विचारलं.

"लाडू छान झालेत," मी म्हणालो.

लग्नाचा दिवस उजाडला. लासूरचं कार्यालय, बाहेर दोन टँकर, आणि आत घामाघूम वऱ्हाड. सलीमभाईनं शेवटचा इलाज म्हणून खर्ज वाढवून, सूंऽऽ कमी करून दिलं होतं. लहान स्पीकरवर निदान बाईमाणूस गातंय एवढं कळत होतं. मी सगळ्या देवांना नारळ बोलून प्लेअर कर्ण्याच्या मशीनला जोडला. एक कर्णा मांडवात, एक मागच्या अंगणात. (मागचा आत्यानं मुद्दाम लावून घेतला होता.)

गुरुजी म्हणाले, "मुलीच्या आईनं आता मागं जावं."

आत्या उठली. शिल्पाच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडं बघून डोळ्यांनीच म्हणाली, लाव. आणि तांब्या घेऊन मागच्या दारानं निघून गेली. अंतरपाट धरला गेला. शिल्पाची मान खाली, डोळे भरलेले. ती दारामागं गेलेल्या आईकडं सारखी वळून बघत होती.

मी बटण दाबलं.

लहान स्पीकरवर जी आत्या बाईमाणूस वाटत होती, ती मोठ्या कर्ण्यावर गोदावरीचा पूर झाली! सूंऽऽ! गुडगुडगुड! खर्र! गंगापूरची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. नवरदेवाची आजी म्हणाली, "नळ आला वाटतं." आचारी पळीसकट टाकी बघायला धावला. त्याच्यामागं हंडे घेऊन चार बायका. गुरुजींनी अक्षता धरलेला हात हवेतच ठेवून मला विचारलं, "अहो, हे कोणतं मंगलाष्टक?"

आणि शिल्पा! तिनं वर बघितलं, आणि तिचा चेहरा असा गोंधळला, की मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. या पोरीसाठी तिच्या आईनं खिडक्या लावून गाऊन ठेवलं होतं, आणि तिच्या कानावर मी हे घालत होतो.

मी प्लेअर बंद केला. मांडव चिडीचूप. मुहूर्ताची घटका चाललेली. सगळे माझ्याकडं बघतायत. आणि त्या शांततेत, मला आजही कळत नाही कसं, माझ्या तोंडातून आवाज फुटला.

"आऽऽली मंगऽऽल वेळ आऽऽज जुळुनीऽऽ शिल्पा निघेऽऽ सासरीऽऽ!"

मी गायलो! ज्याला शाळेत राष्ट्रगीताला गुरुजी 'तू नुसते ओठ हलव' म्हणायचे, तो मी! पहिली ओळ एका पट्टीत, दुसरी दुसऱ्या, तिसरी कुठल्याच नाही. पण थांबायचं कसं? शब्द पाठ होते. गुरुजींचा माइक समोर होता. आणि थांबलो तर पुन्हा ती शांतता!

तेवढ्यात मागच्या अंगणातून टाळ्या ऐकू आल्या. लागोपाठ. जोरजोरात. आत्या!

त्याचा अर्थ मला पक्का माहीत होता. 'बंद कर मेल्या!' पण बिचारीला ओरडता येत नव्हतं, आणि रीत मोडून मांडवात येताही येत नव्हतं. ती तुळशीपाशी उभी राहून जिवाच्या आकांतानं टाळ्या बडवत होती. गंगापूरच्या मंडळींना वाटलं, वा, मुलीकडचे ठेका धरतायत! त्यांनीही टाळ्या धरल्या. आमची मंडळी कशाला मागं राहतात? सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. आत्यानं टाळ्यांचा वेग वाढवला, मांडवानंही वाढवला, मग मलाही वाढवावा लागला. शेवटची चार मंगलाष्टकं आम्ही अशी हाणली, की गुरुजींना अक्षता टाकायला उसंत मिळेना. शेवटच्या "सावधान"ला माझा आवाज चिरकला, फाटला, आणि कोंबड्यासारखा आरवून बंद पडला.

अंतरपाट दूर झाला. शिल्पा हसत होती. अशी हसत होती, की हार घालताना तिचा नेम चुकून हार नवरदेवाच्या कानाला अडकला. तोही हसत होता. मी मात्र निमूट निघालो, कारण मागून आता एकच टाळी आली.

मागच्या अंगणात आत्या रिकामा तांब्या घेऊन उभी होती. तुळशीभोवती चिखल झाला होता. मी तिच्यासमोर जाऊन दोन्ही कान धरले आणि ड्रमपासून पापडापर्यंत सगळं सांगून टाकलं.

तिनं हात पुढं केला. "दे इकडं."

मी प्लेअर दिला, बोंडकं तिच्या कानात लावून दिली. ती ओट्यावर बसून ऐकायला लागली. चेहऱ्यावरची रेषा हलेना. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"बुडवलीस व्हय रे मला?" ती कुजबुजली.

"चुकलो, आत्या."

"गप." ती पुढं ऐकत राहिली. मग एकदम तिनं मला प्लेअर थांबवायची खूण केली. "मागं घे जरा." मी मागं घेतलं. चौथं मंगलाष्टक होतं. 'मागे पाहु नकोस बाळ वळुनी, आहे तिथे मी उभी.' तिनं ते पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा.

"इथं रडले होते मी," ती म्हणाली. "त्या ओळीनंतर. टेप बंद करायचं भानच राहिलं नाय. हळूच रडले, पण कॅसेटमध्ये आलं होतं. हितं ऐकू येत नाय."

"बारीक आवाज आधी जातात म्हणे. मशीन काढून टाकतं."

"रडणं गेलं?"

"गेलं, आत्या."

मांडवातून शिल्पाच्या हसण्याचा आवाज येत होता.

"बरं झालं," ती म्हणाली. "पोरीनं ते ऐकलं असतं, तर तिचा पाय निघाला नसता. माझाबी निघाला नसता." तिनं पदरानं डोळे पुसले, बोंडकं काढून माझ्या हातात ठेवली, आणि मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिनं माझा कान धरला. "पण तू गायलास कशाला रे, मुडद्या?"

आत्या पुढं बोलायला लागली, भांडायलाही लागली. दूधवाल्याला पुन्हा धाक बसला. गाणं मात्र परत आलं नाही. आमच्याकडची लग्नं आता छापील मंगलाष्टकांवर लागतात, आणि प्रत्येक वेळी मला ती वाकडी कॅसेट आठवते. खोटं कशाला सांगू?

माझं गाणं मात्र परत येतं. व्हिडिओवाल्यानं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या आरवण्यापर्यंत टिपलंय, एक अक्षर न गाळता, खणखणीत! शिल्पा लग्नाच्या दर वाढदिवसाला सासरच्या मंडळींना जमवून ते दाखवते, आणि गंगापूरला मी गेलो की अनोळखी पोरं माझ्याकडं बघून टाळ्या वाजवतात. शेवटी मी ती सीडी मागून आणली आणि सलीमभाईकडं नेली. म्हटलं, "भाई, हे असं दाबून द्या, की यातलं मला पण काही कळू नये. हवं तेवढं दाबा!"

सलीमभाईनं ते पूर्ण ऐकलं, दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना बोलावून परत ऐकलं, डोळे पुसले, आणि सीडी जपून पाकिटात घालून माझ्या हातात दिली.

"नक्को भाई," तो म्हणाला, "ऐसी चीज को छोटा नै करते. क्वालिटी खराब होती."